माय कुंभार पिंपळगावला कशाला गेल्ती

पिंपळगाव रेणुकाई
२७ जुलै २०२५, रविवार

तीर्थरूप अक्का,

धाकटीचा तुझ्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना नमस्कार, तृप्तीला पापा. पत्रात आधी खुशाली लिहायची असती म्हणून लिहिते, मी बरी आहे. तू कशी आहेस ते मला तृप्तीकडून कळून राह्यलंय, म्हणून विचारत न्हाई.

पाकिटावर मुद्दाम तिचं नाव घातलंय. माझं नाव बघून तू पाकीट सरळ चुलीत घातलं असतंस, मला माहीत आहे. तिला फोनवर सांगितलं, आईच्या हातात दे, वाचून होईस्तवर समोर बस, अन् फाडायला घेतलं तर हात धर. पोरगी म्हणाली, मावशी, असं काय लिहिलंयस त्यात? मी म्हणाले, पावसापाण्याचं.

तर पावसापाण्याचं. पाऊस बरा झालाय. आपला तुकडा वाट्यानं दिला, त्यात मका लावली, ती कमरेला लागली. मागच्या खोलीच्या पत्र्याचं भोक दाजींनी बुजवलं व्हतं, तिथूनच परत गळून राह्यलं, खाली भगुनं ठेवलंय. शेजारच्या शालूची म्हैस व्याली. तिनं खरवस आणून दिला, पण मी खाल्ला न्हाई, मन झालं न्हाई. खोटं कशाला लिहू, खाल्ला. वाटीभर खाल्ला अन् मंग वाटी धुताना रडले.

माझं वर्ष संपलं, अक्का. तू त्याला ‘सत्तीची पुण्याची नोकरी’ म्हणायचीस. नोकरी नव्हती ती. पुण्याची ती संस्था वर्षभर दर महिन्याला पैसे देती अन् म्हणती, दुसरं काही करू नका, फक्त लिहा. महिन्यातून एकदा पुण्याला जायचं, लिहिलेलं दहा-बारा जणांसमोर वाचायचं, प्रभावती मॅडम काय चुकलं ते सांगणार. त्यापायी मी भोकरदनच्या शाळेतली तासिकेवरची मास्तरकी सोडली. तवा तू म्हणालीस, बसून खायचे पैसे कुणी देतं का? माय पण तेच म्हणायची, पण तिचं म्हणणं निराळं व्हतं. ते पुढं लिहिते.

आता संस्थेला मनोगत पाहिजे. ‘लेखनाच्या या वर्षाने मला काय दिले’, दोन पानं, सोबत एक फोटो. वर्ष संपलेल्या सगळ्यांचं ते पुस्तिकेत छापतात. मी सात वेळा बसले. पहिल्या खेपेला लिहिलं, ‘या वर्षाने मला माझा आवाज दिला.’ मायसमोर वाचलं असतं तर ती म्हणाली असती, मंग आधी काय मुकी व्हतीस का? फाडलं. दुसऱ्या खेपेला आभार लिहिले. ते पण फाडलं. सातव्या खेपेला वर तुझं नाव पडलं, अन् मनोगत राह्यलं बाजूला, हे पत्र सुरू झालं.

मायच्या दहाव्याच्या दिवशीचं लिहायचंय मला. रायभान मामा, मायचा सख्खा भाऊ, त्याला कोण गप करणार? भरल्या पंगतीसमोर बोलला. “लेकीनं फोनवर सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नको. तरी म्हातारी अंबडला गेली. दारापोत गेली असंल, हिंमत झाली न्हाई, डोकं फिरलं, भलत्याच गाडीत बसली अन् कुंभार पिंपळगावच्या बाजारात जाऊन पडली. तिथं कोण व्हतं तिचं? इंद्रे, तुझ्या जिभेनं गेली ती.”

तू तोंडाला पदर लावून खाली बसलीस. दाजी उठून बाहेर गेले. मी तिथंच पत्रावळ्या पुसून राह्यले व्हते. पुसतच राह्यले.

तवापासून तू घराचं दार लावत न्हाईस, तृप्तीनं सांगितलं. दिवसभर उघडं, कुत्री आत येतात, दाजी ओरडतात, तू ऐकत न्हाईस. सगळ्यांसोबत जेवायला बसत न्हाईस. पोरीला वाटतं तुला आजार झालाय. आजार न्हाई तो, मला ठाऊक आहे काय है ते. अन् ठाऊक असून मी तीन महिने गप बसले.

अक्का, माय तुझ्याकडं आलीच नव्हती. तुझ्या बोलण्यानं तिचं डोकं फिरलं नव्हतं. ती कुंभार पिंपळगावलाच निघाली व्हती, इथून घरातून निघतानाच. भलत्या गाडीत न्हाई, बराबर गाडीत बसली व्हती. ती तिथं का गेली ते या जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी. दुसरा तिथला एक खरबुजवाला.

आता ओळीनं लिहिते. मधी थांबले तर थांबू दे.

मी वर्षभर काय लिहून राह्यले ते तू कधी विचारलं न्हाईस, अन् मी सांगितलं न्हाई. गोरखवर लिहिलं. आपल्या भावावर. अकरा वर्षं झाली त्याला घरातून जाऊन. मेंढरं राखणार न्हाई म्हणून आबाशी भांडला, अन् हैद्राबादला मेंढरं भरून चाललेल्या ट्रकात चढला तो चढलाच. पोलिसात दिलं, मामा दोनदा तिकडं जाऊन आला, काही लागलं न्हाई. मायनं त्याचं नाव तोंडातून काढायचं सोडलं. तू म्हणायचीस, बारा वर्षं झाली की त्याचे दिवस घालू, जीव तरी मोकळा होईल. माय उठून मेंढरांकडं जायची. मेंढरं विकली तवा शालूच्या शेरडांकडं जायला लागली.

प्रभावती मॅडम पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, खरी नावं ठेवा. माणसांची, गावांची. नाव बदललं की हात खोटा पडतो, शेवटच्या खर्ड्यात बदलू. अन् म्हणाल्या, आईला वाचून दाखवत जा, तुमची भाषा तिच्याकडं आहे. चांगलंच सांगितलं त्यांनी. त्यांचा काही दोष न्हाई, हे मी दहा वेळा लिहीन.

तर मी वाचायला लागले. माय लसूण सोलायची, मी दारात बसून वाचायची. सुरवातीला सगळं घडलेलंच व्हतं. तो ट्रकात चढला तो दिवस. मी लिहिलं व्हतं पिवळा सदरा. माय लसणातनं मान वर न करता म्हणाली, “पिवळा कुठला? चौकडा. कोपरावर मी ठिगळ लावल्तं.” अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलली ती त्याच्याबद्दल. मला काय झालं असंल तेव्हा, तूच बघ. मी पळत जाऊन पेन आणला.

मंग घडलेलं संपलं. ट्रक गेला, पुढं मला काय माहीत? दसऱ्याच्या सुमाराला मी मनानं लिहायला लागले. गोरख निजामाबादकडं एका मेंढ्यांच्या व्यापाऱ्याजवळ राह्यला. टेम्पो चालवायला शिकला. तिथल्या भाषेत बोलायला लागला, पण मोजताना अजून मराठीतच मोजतो. हे वाचलं तसा मायचा हात थांबला. “पुढं?” म्हणाली. पुढं लिहिलं न्हाई अजून, म्हणलं. त्या दिवशी तिनं दीड भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हाली, डोक्याला तेल लावलं. मला वाटलं, गोष्ट आवडली मायला. लेखिका झाले व्हते ना मी, फुगले.

दिवाळीआधी पुण्याहून आले. माय पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली, पाणी देता देता हळूच विचारलं, “सायबांनी आणखी काय शोधलं?”

मी म्हणलं, कोणत्या सायबांनी?

“तुझ्या पुण्याच्या. मला येडी समजती का, सत्ते? लिहायचा पगार कोण देतंय? शोधायचा देतात. तिथं दर महिन्याला जमती तुम्ही, त्यांना कळलेलं तू कागदावर घेऊन येती. मी काही कुणाला बोलले न्हाई. मामाला न्हाई, इंद्रीला न्हाई. माणूस दारात उभा राहीस्तवर बोलू नाही, नजर लागती.”

मी आधी हसले. मंग तिच्या तोंडाकडं पाहिलं. अक्का, माय काही खुळी नव्हती. राजाराणीची गोष्ट अन् गावातली खबर, यातला फरक तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळायचा. पण तिच्या आयुष्यात कागदावर आलेलं कधी मनानं लिहिलेलं नव्हतं. सातबारा, वनखात्याची पावती, शाळेचा दाखला, आबाचा मृत्यूचा दाखला. जे कागदावर आलं ते झालेलंच असायचं. अन् या कागदावर तिच्या पोराचं खरं नाव व्हतं, खरा सदरा व्हता, वरून सरकारनं दिल्यासारखा पगार व्हता. तिनं जे धरलं ते तिच्या हिशेबानं एकदम बराबर व्हतं.

तवाच सांगायचं व्हतं मी. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, अन् म्हणाले, “अजून शोधून राह्यलेत.”

का म्हणाले? आता खरं लिहिते. तिचं मन मोडायला नको म्हणून, असं मी आजपोत स्वतःला सांगत आले. तसं न्हाई. त्याच संध्याकाळी माय चुलीपुढं बसून गोरखच्या जन्माचं सांगायला लागली. मेंढरांच्या तळावर कसा झाला, मेंढरं पुढं निघून गेल्ती, आबा मागं थांबला, ज्या कात्रीनं मेंढ्या कातरायच्या तीच राखेनं घासून नाळ कापली. तुला ठाऊक व्हतं का हे? मला नव्हतं. तिनं हे सगळं अकरा वर्षं आत दाबून ठेवलं व्हतं, अन् आता पोरगा येणार म्हणून उघडून राह्यली. मी सहा पानं लिहिली. पुण्यात वाचली तवा मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, “हे कुठून आणलंत? थांबू नका आता.”

मी थांबले न्हाई. हिवाळाभर तसंच चाललं. मी एक पान वाचायची, ती दोन गोष्टी सांगायची. गोरखला मी टेम्पो घेऊन दिला, त्याचं लग्न ठरता ठरता मोडलं, त्याला गावाची सय यायला लागली. ती विचारायची, खातो का बराबर? मी रात्रीतनं दोन ओळी जेवणाच्या टाकायची. मी तिला पोरगा देत व्हते अन् ती मला पुस्तक.

आणखी एक लिहिते, ते पण खरं आहे. माय खुश व्हती. सहा महिने ती जशी व्हती तशी मी तिला लहानपणानंतर पाहिली न्हाई. भिंतीला चुना दिला. जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवली, मला टाकेसुद्धा घालू दिले न्हाईत. शालूला उगाच हसवायची. मी मनाशी म्हणायचे, काय बिघडलं? कुणाचं काय नुकसान चाललंय? असं म्हणत म्हणत एप्रिल आला, अन् माझं पुस्तक संपायला आलं. मी मायला म्हणलं, आता शेवट जवळ आलाय.

त्यावरून तिनं तुला फोन केला. गोरखची मेंढरं परत धाड म्हणून.

तुला काय सांगायचं? पाळण्यातल्या पोराच्या नावानं एक कोकरी सोडायची, अन् तिला पुढं जेवढी होतील तो सगळा वेल त्या पोराचा, हे आपल्यात आज्या-पणज्यापासून चालत आलंय. तुझा वेल तुझ्याबरोबर अंबडला गेला. माझा आबाच्या दवाखान्यात गेला. गोरखचा मायनं विकू दिला न्हाई. आबाच्या मागं कळप मोडला तवा तेवढी मेंढरं दाजींच्या कळपात घातली, अन् म्हणाली, पोरगा आल्यावर मागून घेईन. तो येणाराय, तर त्याच्या हातात द्यायला काहीतरी पाहिजे, एवढंच तिच्या मनात. पण येणाराय हे तुला सांगायचं न्हाई, नजर लागंल. मंग ती तुला काय कारण सांगणार? नुसतं म्हणाली, मला पाहिजेत, धाड.

तुला वाटलं मी शिकवलं तिला. मला विकायची आहेत, वर्षाचा पगार संपला म्हणून. चूक न्हाई तुझी, मीही असंच समजले असते. तू म्हणालीस, “इतकी वर्षं आम्ही चारली, लांडग्याच्या तोंडातून काढली, आता इस्वास न्हाई का आमच्यावर? न्यायला यायचं असंल तर माझ्या दारात पाय ठेवू नको.”

फोनचा आवाज मोठा व्हता, मी बाजूलाच बसले व्हते. आता नीट वाच, अक्का. मायनं फोन ठेवला अन् ती हसली. तुझी शप्पथ, गोरखची शप्पथ, हसली. म्हणाली, “इंद्री तापली बघ. तापू दे. तिला काय ठाऊक? भावाला दारात बघितलं की सोताच खुंट्यावरचं सोडून देईल.” अन् दळण निवडायला बसली. पुढच्या घडीला तुझा फोन तिच्या ध्यानात पण नव्हता. तुझ्या बोलण्याचा ओरखडासुद्धा उठला नव्हता तिच्यावर. हे मला दहाव्यालाच सगळ्यांसमोर सांगता आलं असतं, मामाचं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण मंग पुढचा प्रश्न आला असता, की ती गेली तरी कशाला? म्हणून तुझं नाव लागू दिलं. तू तोंडाला पदर लावलास ते मी बघितलं, अन् मला आतून हायसं वाटलं. हायसं. दुसरा शब्द न्हाई त्याला.

त्याच संध्याकाळी मी मायला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. गोरख मेंढरं विकायला कुंभार पिंपळगावच्या बाजारात येतो. तेच गाव का घेतलं? आबाचा तळ दर साली तिकडं पडायचा, मला तिथली माती आठवती, म्हणून. बाजाराच्या कडेला मेंढरांच्या जागी माय उघड्यावर बसलेली असती. तो टेम्पोतनं उतरतो, तिला लांबूनच बघतो. मी चांगलं लिहिलं व्हतं.

मायनं माझ्या हातातल्या कागदाला बोट लावलं. मंग म्हणाली, “याच बाजारी का पुढच्या?”

मी म्हणलं, माय, मला पुण्याची तयारी करू दे, सकाळी गाडी है. अन् पिशवी भरायला लागले. ती माझ्या मागं मागं फिरली, माझा डबा बांधून दिला, पण परत विचारलं न्हाई. सकाळी मी निघाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथला बाजार व्हता.

पुढचं मला त्या खरबुजवाल्यानं सांगितलं. रामकिसन त्याचं नाव, तिकडचाच आहे. मायचे दिवस झाल्यावर मी एकटी तिथं गेल्ते, कुणाला न सांगता. बाजारात त्याला गाठलं. माय पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाली असंल, कारण अकराच्या आत ती तिथं बसलेली व्हती. नवीन लुगडं नेसून. रामकिसननं तिला बोलावलं, आजी, माझ्या कापडाखाली सावलीत बस. ती म्हणाली, “तिथून मी दिसणार न्हाई.” दोनदा बोलावलं, दोनदा तेच म्हणाली. त्यानं पाणी दिलं, खरबुजाची फोड दिली. फोड तिनं पदरात बांधून ठेवली.

त्याच्याशी बोलत व्हती ती. आम्हा कुणाशी बोलली न्हाई ते त्या परक्या माणसाशी बोलली. पोरगा येणाराय म्हणाली. अन् अक्का, हे तुझं आहे, तुझ्याकडं पोचवायचं व्हतं ते मी तीन महिने दाबून ठेवलं. ती त्याला म्हणाली, “येताना लेकीच्या गावावरून आले, अंबडच्या स्टँडात गाडी बदलली. पण तिच्याकडं गेले न्हाई. म्हणलं, संध्याकाळी दोघं मिळूनच जाऊ. तिचा राग भावाला बघून उतरंल.”

ती त्या संध्याकाळी तुझ्या दारात येणारच व्हती. तू काय बोललीस त्याचं तिला काही नव्हतं.

चारच्या सुमाराला ती बसल्या जागी आडवी झाली. लोकांनी सरकारी दवाखान्यात नेलं. तिच्या चंचीत चिठ्ठीवर माझा नंबर व्हता. मी पुण्यातून तुला कळवलं, तू पोचलीस तवर ती गेल्ती. बाकी तुला माहीत आहे. तू दवाखान्यात एकेकाचा हात धरून विचारत व्हतीस, माय इकडं कशाला आल्ती? मी रात्री पोचले तवा मला पण विचारलंस. मी म्हणलं, काय माहीत.

पुस्तकाचं म्हणशील तर संस्थेला ते छापायचंय. मॅडमचे तीन फोन आले, मी उचलले न्हाईत, तू माझे उचलत न्हाईस तसेच. पानं बांधून मायच्या पेटीत ठेवलीत. जाळायला काढल्ती एकदा, पण त्यात तिचं बोलणं आहे, जाळवलं न्हाई. नावं अजून खरीच आहेत. तू म्हण छाप तर छापीन, म्हण जाळ तर तुझ्यासमोर जाळीन. अन् हे पत्र मामाला वाचून दाखव. एकट्याला न्हाई, त्या दिवशी जेवढे लोक व्हते तेवढ्यांना बोलावून दाखव. मी येऊन पुढं बसीन.

इथं पत्र संपवावं असं माझ्या मनात व्हतं. सही करायला कागद उलटला पण. पण एवढ्यावर सही केली तर हे पण एक मनोगतच होईल, अर्धं सांगून बरं दिसायचं. अजून एक राह्यलंय, ते मी कुणालाच सांगितलं न्हाई.

मी सगळ्यांना सांगितलं की मला त्या दिवशी एकच फोन आला, साडेपाचला, दवाखान्यातून. दोन आले. पहिला साडेअकराला आल्ता.

पुण्यात बैठक चालू व्हती. माझ्या आधीच्या बाईचं वाचन संपत आलं व्हतं, पुढचा नंबर माझा, तेच शेवटचं प्रकरण हातात. अनोळखी नंबर व्हता. बाहेर येऊन उचलला.

“सत्ते, मी बोलून राह्यले. या दादाच्या फोनवरून.”

तिच्यामागं मेंढरं ओरडत व्हती. कुणीतरी भाव पुकारत व्हतं. ती कुठं आहे ते मला तिनं सांगायच्या आधी कळलं, अक्का. मला कळलं न्हाई असं म्हणायची सोय न्हाई. उन्हाचा आवाज यावा तसा तो आवाज व्हता.

ती म्हणाली, “तो अजून आला न्हाई गं. तू किती वाजता लिहिलंय?”

माय, ते मी मनानं लिहिलंय, आपल्याला गोरखचं काही माहीत न्हाई, ऊठ, सावलीला जा, गाडी धर अन् अक्काकडं जा. एवढंच बोलायचं व्हतं. आतून मॅडमनी माझं नाव घेतलं. सगळे दाराकडं बघून राह्यले व्हते.

मी म्हणाले, “दुपार कलल्यावर.”

“बरं,” म्हणाली. “मंग बसते.”

मी आत जाऊन वाचलं. लोक रडले. टाळ्या वाजल्या, कुणी चहा आणून दिला, कुणी पाठीवर हात ठेवला. मला सगळे सांगत व्हते की शेवट फार खरा झालाय. रामकिसनचा फोन दिवसभर त्याच्या खिशात व्हता. मी परत लावला न्हाई.

मायला तू न्हाई घालवलंस. तिला तिथं बसवणारी,

तुझी बहीण
सत्यशीला